चोवीस हरी आणि छत्तीस लाख शंभू

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ संपवली ती ‘अंकपाश’ या प्रकरणाने, आणि त्या प्रकरणाच्या शेवटी एक टोमणा मारून ठेवला. इथे गुणाकार विचारलेला नाही, भागाकार नाही, वर्ग नाही की घन नाही, तरी गणिताचा ताठा मिरवणारे बटू या फासात हमखास अडकतात, असा त्याचा आशय आहे. ११५० सालच्या या टोमण्याची धार अजून बोथटलेली नाही. अकरावीत पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा आला की एरवी गणिताला न डगमगणारी मुलं पाच माणसं गोल टेबलाभोवती बसवताना गांगरतात. आकडेमोड तर किरकोळ असते. एकापासून दहापर्यंतचे आकडे एकमेकांनी गुणणं कुणालाही जमतं. चूक होते ती त्याआधीच, कोणत्या दोन मांडण्या वेगळ्या धरायच्या आणि कोणत्या वेगळ्या दिसल्या तरी एकच मानायच्या हे ठरवताना. हा निर्णय गणिताच्या कुठल्याही सूत्रात सापडत नाही, तो बाहेरून आणावा लागतो. आणि खरा भेद कोणता, मानलेला कोणता, हा तर आपल्या दर्शनांमधला जुना कज्जा. मोजणीचं गणित या कज्ज्यात साक्षीला उभं करता येतं, असं मला वाटतं. त्याची साक्ष कोणत्याच पक्षाला पुरती सोयीची नाही: भेद आपण मानायचा असतो, पण एकदा मानला की त्यातून किती रूपं निघतील हे आपल्या हाती उरत नाही.

उदाहरण भास्कराचार्यांनीच देऊन ठेवलं आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य अशी दहा आयुधं आहेत. ती या हातातून त्या हातात जात राहिली तर मूर्तीचे किती भेद होतील, असं ते विचारतात. जोडीला हरी आहे: त्याच्या चार हातांतली गदा, चक्र, कमळ आणि शंख अशीच बदलली तर किती? हरीचे २४, शंभूचे ३६,२८,८००. विद्यार्थी एवढं लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळतो. पण हरीच्या चार आयुधांपाशी जरा थांबावं. उजवा-डावा आणि वरचा-खालचा हे हातांचे भेद धरले तर उत्तर २४. हेच चार जिन्नस एका चक्राकार पटावर मांडले आणि पट कुठूनही पाहायची मुभा दिली, म्हणजे फिरवून सारख्या होणाऱ्या मांडण्या एकच मानल्या, तर उत्तर ६. पटाऐवजी माळेत ओवले, आणि माळ उलटी करून धरली तरी ती तीच माळ असं म्हटलं, तर ३. आणि प्रश्न एवढाच असेल की हरीजवळ कोणती आयुधं आहेत, तर उत्तर १. जिन्नस तेच, त्यांची संख्याही तीच. बदलला तो फक्त आपला करार, कोणत्या फरकाला फरक म्हणायचं हा. या चार उत्तरांतलं एकही चुकीचं नाही आणि एकही दुसऱ्यापेक्षा जास्त खरं नाही. मात्र करार कोणता ते न सांगता नुसतं ‘किती?’ असं विचारलं तर त्या प्रश्नाला उत्तरच नाही. बटू अडकतात ते इथे: कराराचा पत्ता नसताना त्यांनी गुणाकाराला हात घातलेला असतो.

मूर्तिशास्त्राने यातला पहिला करार निवडला. विष्णूचे चोवीस मूर्तिभेद अग्निपुराणात आहेत, पद्मपुराणात आहेत, पंधराव्या शतकात मेवाडच्या सूत्रधार मंडनाने लिहिलेल्या ‘रूपमंडना’तही आहेत. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या क्रमाने वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असं वाचत जायचं, ही रीत. या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आले की तो केशव. संध्या करणाऱ्या घरांतून आचमनाच्या वेळी जी चोवीस नावं म्हटली जातात, ती याच चोवीस मूर्तींची. ती यादी नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. केशवापासून दामोदरापर्यंतची पहिली बारा नावं मार्गशीर्षापासून कार्तिकापर्यंतच्या बारा महिन्यांना वाटून दिलेली आहेत. त्यांच्या पाठोपाठ संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, अनिरुद्ध हे पांचरात्र मतातले चार व्यूह येतात. उरलेल्या आठांत पुरुषोत्तम आणि अधोक्षज आहेत, नरसिंहासारखा अवतार आहे, अच्युत आणि जनार्दन ही स्तुतिपर नावं आहेत, उपेंद्र म्हणजे वामन तर आधीच्या बारांत एकदा येऊनच गेला आहे, आणि शेवटी हरी व कृष्ण. यादी उघडच एका हाताची नाही. निरनिराळ्या काळांतली आणि परंपरांतली नावं गोळा करून ती चोवीस घरांत बसवलेली दिसतात. घरं मात्र कुणी गोळा केलेली नाहीत. चार हात आणि चार आयुधं ठरली त्याच क्षणी ती चोवीस झाली. नेमकं कोणतं नाव कोणत्या घरात, याबद्दल ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत. अग्निपुराणाची आणि पद्मपुराणाची यादी सगळीकडे जुळत नाही. पण या कराराच्या आत राहून पंचविसावी मूर्ती कुणालाच काढता आली नाही, कितीही मोठा ऋषी किंवा सूत्रधार असो. नावावर वाद घालता येतो, चोविसावर येत नाही.

हे बंधन किती कडक आहे ते भग्न मूर्तींपाशी कळतं. शेंदूर-चुन्याखाली झिजलेली किंवा मोडतोड झालेली चतुर्भुज विष्णुमूर्ती सापडली आणि एक हात मनगटापासून तुटलेला असला, तरी अभ्यासकाचं काही अडत नाही. तीन आयुधं दिसली की चौथं ठरलेलंच. दोन हात गेले असतील तर दोन नावं शिल्लक राहतात, तीन गेले असतील तर सहा. चारही गेले तर नुसता विष्णू. पोथीचंही तसंच. एखाद्या हस्तलिखितात दोन नावांना एकच आयुधक्रम दिलेला आढळला, तर दुसरी पोथी न पाहताही सांगता येतं की लेखनिक चुकला आहे आणि कुठला तरी एक क्रम गळाला आहे. तो गळालेला क्रम कोणता हेसुद्धा उरलेल्या तेवीसांवरून काढता येतं. श्रद्धेच्या प्रांतात इतका निर्दय तपासनीस क्वचितच भेटतो.

यावर पहिला आक्षेप सहज सुचण्यासारखा आहे. भास्कराचार्यांना शिकवायचा होता हिशेब; शंभू आणि हरी ही नुसती सजावट. ‘लीलावती’त भुंगे आहेत, हंस आहेत, साप आणि मोरही आहेत, म्हणून कुणी तिला प्राणिशास्त्राचा ग्रंथ म्हणत नाही. मग देव आले म्हणून तिच्यातून धर्मचिंतन का काढायचं? आक्षेपात तथ्य आहे. भुंग्यांच्या जागी पोपट घातले तरी उदाहरण तेच राहतं, आणि शंभूच्या दहा हातांऐवजी दहा खुंट्या आणि दहा टोप्या घेतल्या तरी उत्तर ३६,२८,८००च येईल. पण हरीचं उदाहरण या जातीचं नाही. तिथे विचारलेले मूर्तिभेद गणिताच्या पुस्तकाबाहेर खरोखरच मोजलेले, नावं दिलेले आणि दगडात कोरलेले होते. गुजरातमधल्या पाटण इथल्या अकराव्या शतकातल्या राणी-की-वावमध्ये ते भिंतीवर उभे आहेत. भास्कराचार्यांच्या श्रोत्याला चोवीस हे उत्तर ऐकून तो आकडा ओळखीचा वाटला असणार. उदाहरणाची गंमतही त्यातच आहे: एका देवाचे सगळे भेद तोंडपाठ आहेत, दुसऱ्याच्या भेदांना नावं देण्याचा विचारही कुणाच्या मनात येणार नाही, आणि तरी दोघांसाठी रीत एकच. सजावट इतकी नेमकी बसते तेव्हा ती केवळ सजावट नसते.

आता दर्शनांकडे. संख्या वस्तूत असते की मोजणाऱ्याच्या बुद्धीत, या प्रश्नाला वैशेषिकांनी दिलेलं उत्तर मला अजूनही विलक्षण वाटतं. प्रशस्तपादाच्या मते दोन घट समोर असले तरी त्यांच्यातलं द्वित्व आपोआप तिथे नसतं. ‘हा एक, हा एक’ अशी अपेक्षाबुद्धी पाहणाऱ्याला झाली की द्वित्व उत्पन्न होतं आणि ती बुद्धी मावळली की तेही नाहीसं होतं. पण उत्पन्न होतं ते घटांमध्ये, पाहणाऱ्याच्या मनात नव्हे. म्हणजे संख्या बुद्धीवाचून जन्मत नाही, तरीही ती बुद्धीची नसून वस्तूची. मोजणीची उदाहरणं सोडवताना घडतं ते जवळपास हेच, म्हणून हे उत्तर मला मानवतं. मात्र वैशेषिकांच्या घरात एक अडचण होती. संख्या हा त्यांच्या मते गुण, आणि गुण राहतो तो फक्त द्रव्यात. गुणात गुण राहत नाही. कणादांच्या सूत्रांत गुण सतरा मोजले आहेत, प्रशस्तपादाने ते चोवीस केले. (पुन्हा चोवीस, पण हा योगायोगच, त्यात अर्थ शोधायला जाऊ नये.) आता गुण चोवीस आहेत असं म्हटलं, तर ही चोवीस संख्या कशात राहते? गुणांत राहते म्हणावं तर सिद्धांत मोडतो. परंपरेने यातून पळवाटा काढल्या, पण सोळाव्या शतकात नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने सरळ सांगितलं की संख्या हा गुण नव्हेच, तो स्वतंत्र पदार्थ मानला पाहिजे. अंकपाशाने रघुनाथाची बाजू भक्कम होते. हरीचे चोवीस भेद मोजले तेव्हा आपण चोवीस द्रव्यं मोजली नाहीत. द्रव्यं आठच: चार हात, चार आयुधं. मोजल्या त्या मांडण्या, म्हणजे हात आणि आयुध यांचे संयोग कोणत्या तऱ्हेने जुळले त्या तऱ्हा. संयोग हा वैशेषिकांच्याच यादीतला गुण. मांडण्या मोजता येतात एवढं मान्य केलं की संख्येला द्रव्याच्या खुंटीला बांधून ठेवता येत नाही.

जैन तार्किकांचा सप्तभंगीनय याच वाटेवरचा आहे आणि तिथे करार अधिक उघडपणे बोलून दाखवलेला आहे. ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘अवक्तव्य’ ही तीन मूळ विधानं. त्यातून एकेक घेतली तर तीन, दोन-दोन घेतली तर तीन, तिन्ही एकत्र घेतली तर एक, मिळून सात. आठवा भंग का नाही, असं प्रतिपक्ष विचारी. आकड्याच्या बाजूने पाहिलं तर त्याची शंका वाजवी आहे. ‘आहे आणि अवक्तव्य’ हे ‘अवक्तव्य आणि आहे’ यापेक्षा वेगळं मानलं, म्हणजे क्रमालाही भेदाचा दर्जा दिला, तर त्याच तीन विधानांतून तीन, सहा आणि सहा मिळून पंधरा भंग होतात. जैन आचार्यांचं यावरचं उत्तर गणिताचं नाही. वस्तूच्या एका धर्माविषयी संशय सातच प्रकारचा होऊ शकतो, म्हणून जिज्ञासा सात, म्हणून प्रश्न सात, आणि म्हणून उत्तरंही सात, असं ते सांगतात. क्रम बदलल्याने विचारणाऱ्याचा प्रश्न बदलत नसेल तर तो भेद मोजायचा नाही. कोणता भेद धरायचा हे इथे प्रश्नाने ठरवलं, आणि तो ठरल्यावर सात हा आकडा आचार्यांच्याही इच्छेवर राहिला नाही. सांख्यिकीकार प्रशांतचंद्र महालनोबीस आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन या दोघांनी १९५०च्या दशकात सप्तभंगीवर आवर्जून लिहिलं. ज्यांचा उभा जन्म शक्यतांची मोजणी करण्यात गेला, त्यांना ती आपल्या घरची वाटली यात नवल नाही.

शंभूकडे वळलं की प्रश्न बदलतो. हरीच्या चोवीसही मूर्ती घडवता येतात. शंभूच्या ३६,२८,८०० कोण घडवणार? रोज एक मूर्ती पुरी केली तरी सुमारे ९,९३५ वर्षं लागतील. जे कधी घडलं नाही आणि घडणारही नाही, त्याची संख्या सांगतो तेव्हा आपण नेमकं काय मोजतो? ही पोकळ गणना आहे, असा दुसरा आक्षेप. पण ती पोकळ नाही हे दाखवता येतं. पिंगळाच्या छंदःशास्त्रापासून आपल्याकडे ‘नष्ट’ आणि ‘उद्दिष्ट’ अशा दोन क्रिया चालत आल्या आहेत. सगळे भेद एका ठरावीक क्रमाने लिहिले आहेत असं समजायचं. मग अनुक्रमांक दिला तर तो भेद कसा असेल ते काढायचं, हे नष्ट. भेद दिला तर त्याचा अनुक्रमांक काढायचा, हे उद्दिष्ट. तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने सात स्वरांच्या ५,०४० मांडण्यांसाठी खंडमेरू नावाचा कोष्टकवजा पट दिला तो याच कामासाठी. त्याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ झाला तो त्याच्यामुळे. अंकपाश आणि खंडमेरू एकाच राज्यात, थोड्याच कोसांच्या अंतरावर शिकवले जात होते. पुढे नारायण पंडितांनी १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त हा विषय कितीतरी पुढे नेला.

ही रीत शंभूला लावून पाहू. आयुधांचा क्रम भास्कराचार्यांचाच ठेवला, हातांना एक ते दहा क्रमांक दिले आणि कोशातल्या शब्दांसारख्या सगळ्या मूर्ती ओळीने लावल्या, पहिल्या हातातलं आयुध सर्वांत सावकाश बदलेल अशा. या ओळीतली बरोबर दहा लाखावी मूर्ती कोणती? थोडे भागाकार केले की उत्तर मिळतं: पहिल्या हातापासून सर्प, शक्ती, बाण, डमरू, धनुष्य, अंकुश, शूल, कपाल, खट्वांग आणि दहाव्या हातात पाश. ही मूर्ती आजवर कुणी पाहिलेली नसावी, तरी तिच्याबद्दल एक अक्षरही संदिग्ध नाही. सत्कार्यवादी सांख्य यावर खूश होईल: घडण्यापूर्वीही मूर्ती पाषाणात होतीच, तुम्ही फक्त तिचा पत्ता सांगितलात. त्याला इतकं देऊन टाकायची गरज नाही. नैयायिक म्हणेल की आयुधं खरी आहेत, हात खरे आहेत, नाही तो त्यांचा अमुक हाताशी अमुक संयोग. आणि ज्याचा अभाव सांगायचा त्याचे घटक प्रसिद्ध असले की अभावही नेमका सांगता येतो. हे मला जास्त पटतं. दहा लाखाव्या मूर्तीचा अभाव दहा लाख एकाव्या मूर्तीच्या अभावाहून वेगळा आहे, आणि तो वेगळा ओळखायला दोन्ही मूर्ती कुठेतरी सूक्ष्म रूपात असाव्या लागत नाहीत. संख्या अस्तित्वाची ग्वाही देत नाही, निश्चितीची देते. ज्यू परंपरेतल्या ‘सेफर येत्सिरा’ या ग्रंथात अक्षरांना दगड आणि शब्दांना घरं मानून दोन दगडांची दोन घरं, तीनांची सहा, असं करत सात दगडांची ५,०४० घरं इथवर मोजणी येते आणि पुढचं तोंडाने बोलण्यापलीकडचं म्हणून सोडून दिलं जातं. तिथे मोजणारा थांबला तो आकडा सापडेना म्हणून नव्हे. उच्चारता येईल तेवढंच आपलं, अशी त्याने आखलेली ती मर्यादा आहे. भास्कराचार्यांना ती मर्यादा मान्य नव्हती.

सूत्रधाराचा आक्षेप याहून व्यवहारी आहे, आणि म्हणून जास्त गंभीर. तो विचारेल: धनुष्य उजव्या हातात आणि बाण डाव्यात, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मूर्तींत धनुष्य बहुधा डाव्या हाती असतं आणि बाण उजव्या. पाच हात उजवे, पाच डावे. बाण उजव्या पाचांत आणि धनुष्य डाव्या पाचांत एवढी एकच अट घातली तर छत्तीस लाखांवरून संख्या थेट १०,०८,००० वर येते. वरच्या दहा लाखाव्या मूर्तीचे पहिले पाच हात उजवे मानले तर बाण आणि धनुष्य दोन्ही उजवीकडेच गेले, म्हणजे ती मूर्ती सूत्रधाराच्या दारातूनच परत जाईल. डमरू, कपाल, शूल यांच्याही अटी घालत गेलं तर आकडा आणखी उतरेल. मग भास्कराचार्यांचं उत्तर चुकलं का? नाही. त्यांच्या प्रश्नात हात बदलण्याची मोकळीक होती. सूत्रधाराच्या प्रश्नात ती नाही. इथे गणित शास्त्राला खोडत नाही आणि शास्त्र गणिताला. शास्त्राने अटी सांगायच्या, गणिताने त्यांची किंमत सांगायची.

अद्वैती वाचक इतका वेळ गप्प बसणार नाही. तो म्हणेल, तुम्हीच दाखवलंत की भेद मानण्यावर आहे. कमी भेद मानत गेलात तर चोविसाचे सहा, सहाचे तीन आणि शेवटी एक. मग ते एकच खरं, बाकी उपाधी. युक्तिवाद मोहक आहे, पण फसवा आहे. शेवटचं ‘एक’ हेही एका कराराचंच उत्तर होतं: हातांचे भेद विसरा, फक्त कोणती आयुधं आहेत ते पाहा. तो करार बाकीच्या तिन्हींपेक्षा ढिला आहे एवढंच, जास्त खरा नाही. ढिलाई वाढवत नेली की खरेपण वाढत जातं, असं समजायला आधार काय? मुरलेला अद्वैती यावर वेगळं उत्तर देईल, आणि ते मला मान्य आहे. तो म्हणेल की ब्रह्माचं एकत्व ही दोन-तीनच्या आधी येणारी संख्या नव्हे. तिथे मोजण्याचा व्यवहारच नाही. ठीक. पण मग ते एकत्व चोविसाच्या विरुद्धही उभं राहत नाही. जे मोजणीच्या बाहेर आहे ते मोजणीतल्या एका उत्तराची बाजू घेऊ शकत नाही, आणि ‘चोवीस खोटे, एक खरा’ हे वाक्य बोलायचा अधिकार त्याच्याकडे उरत नाही.

सगळ्यांत अवघड आक्षेप दर्शनांकडून नव्हे, पदार्थविज्ञानाकडून येतो. भेद आपण मानतो हे तुम्ही सांगता. पण निसर्ग ते ऐकून घेतो का? दोन नाणी उडवली तर निदान एकदा छाप पडण्याची शक्यता किती? १७५४ साली दालांबेअरसारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने प्रकार तीनच धरले: पहिल्यांदाच छाप, दुसऱ्यांदा छाप, दोन्हींदा काटा, म्हणून उत्तर दोन तृतीयांश. नाणी मात्र चार प्रकारांनी पडतात आणि उत्तर तीन चतुर्थांश येतं. दालांबेअरचा करार नाण्यांनी मोडीत काढला. उलट १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइनना जो निबंध पाठवला, त्यात प्रकाशकणांची मोजणी अशी होती की ‘पहिला कण इथे, दुसरा तिथे’ आणि ‘दुसरा इथे, पहिला तिथे’ या दोन अवस्था एकच धरल्या जात. दोन कण आणि दोन जागा असतील तर नाण्यांच्या हिशेबाने चार प्रकार, बोसांच्या हिशेबाने तीन. तापलेल्या भट्टीतल्या प्रकाशाबद्दलचा प्लांकचा प्रारणाचा नियम बोसांच्या हिशेबानेच निघतो. म्हणजे नाण्यांना चारच प्रकार लागतात आणि प्रकाशाला तीनच, आणि यात आपल्या मानण्याला कुणी विचारत नाही. हा आक्षेप मी पुरता खोडू शकत नाही, आणि खोडायची इच्छाही नाही. त्याने माझं म्हणणं अर्धं छाटलं जातं आणि उरलेलं अर्धं घट्ट होतं. करार बाहेरून आणावा लागतो हे खरंच आहे. फक्त काही ठिकाणी ते ‘बाहेर’ म्हणजे आपली मर्जी नसून तापलेली भट्टी असते. सूत्रातून करार बोसांनाही काढता आला नाही. त्यांना तो प्रकाशाकडून घ्यावा लागला.

मग देवाच्या रूपांचा प्रश्न असतो तेव्हा करार कुणाकडून घ्यायचा? तिथे भट्टी नाही, प्रयोग नाही. तिथे आहे ती उपासना: कोणत्या मूर्तीपुढे कोणता मंत्र, कोणत्या महिन्यात कोणतं नाव. ज्या फरकाने पूजा बदलते तो फरक मोजायचा, ज्याने बदलत नाही तो सोडून द्यायचा. जैनांनी भंग प्रश्नावरून ठरवले, तसे मूर्तिभेद उपासनेवरून ठरले. यावर कुणी म्हणेल की हा निकष मनमानीला मोकळं रान देतो. तसं होत नाही, कारण उपासकाने हात आणि आयुधं एकदा स्वीकारली की चोविसाच्या पुढे त्यालाही जाता येत नाही. मात्र उपासना करारच बदलू शकते, आणि महाराष्ट्रात तिने तो बदलला. पंढरपूरचा विठ्ठल या चोविसांत नाही, रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये ही गोष्ट ठळकपणे मांडली आहे. विठ्ठलाला हात दोन, आणि तेही कमरेवर. चार हातांत चार आयुधं या अटीलाच तो उतरत नाही, म्हणून त्याला पंचविसावा म्हणणंही चूक; तो त्या यादीत वाढवता येत नाही, त्याच्यासाठी निराळी यादी करावी लागते. पूजेसाठी ज्यांनी चोवीस नावं तोंडपाठ केली त्यांच्याच प्रदेशात सर्वांत जास्त माणसं चालत जातात ती या मोजणीबाहेरच्या मूर्तीकडे. मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांनी त्यामुळे आपला आकडा बदलला नाही, आणि वारकऱ्यांनीही तो बदलून मागितला नाही.